वन्संनी मागितलं ते

३ मार्च, रविवार

दुकानदाराने नाताळात दिलेली ही डायरी दोन महिने कोरी पडली होती. शाळेत पोरांना रोज पाच ओळी लिहायला लावते आणि स्वतः मात्र काही लिहीत नाही, हे काही बरं नव्हे. आज सुरुवात करते, कारण आता लिहिण्याजोगं काहीतरी घडणार आहे. उइनिसेचे दिवस भरत आलेत.

ही माझ्या भावाची, केलेपीची बायको. हापाईच्या बेटांवरून करून आणलेली. हसरी पोर. गावातल्या बायका झाडाच्या सालीचं कापड कुटायला बसल्या की हिच्या मोगरीचा ठेका सगळ्यांच्या वर, आणि तोंडाने गाणं चालू, तेही पाद्रीबाईंनी कानावर हात ठेवावेत असलं. मी डोळे वटारले की म्हणायची, "वन्सं, नुसत्या बघू नका हो, एक कडवं तुम्हीपण म्हणा." मी म्हणत नसे, पण मनातल्या मनात ठेका धरायची. ते तिला सांगायची काही गरज नाही.

तिची आई गेल्या वर्षी वारली. मावशीने हापाईहून निरोप धाडला होता, पहिलं बाळंतपण आहे, आई नाही तर मावशी करेल, पोरीला पाठवा. मी साफ नाही म्हटलं. आमच्या घरातलं पहिलं मूल आमच्या घरीच वाढेल. मी लग्न केलं नाही, माझं माणूस म्हणजे केलेपी. आता मी आत्या होणार, आणि आमच्या वावाऊच्या बेटांवर आत्या म्हणजे काय चीज असते ते कुणाला सांगावं लागत नाही. आत्याने तोंडाने मागितलं की भावाच्या घरात "नाही" हा शब्द नसतो. मी केलेपीकडे आजवर जे मागितलं ते मिळालं, डुक्कर असो नाहीतर होडीचं इंजिन. इंजिन मी आठवड्याने परत केलं, ते वेगळं. मागता येतं हे त्याला माहीत असलं म्हणजे झालं.

८ मार्च, शुक्रवार

मुलगी! नेइआफूच्या दवाखान्यात, सकाळी. नाक आमच्या घराण्याचं आहे, बसकं.

नाव ठेवायचा मान आत्याचा. मी लुसेआने ठेवलं, माझंच. उइनिसे पडल्या पडल्या म्हणाली, "वन्सं, आणखी एक सालोमे ठेवलं तर चालेल का? आईचं नाव." आवाज अगदी खोल गेला होता. मी म्हटलं, "एका पोरीला एक नाव पुरे. तू झोप बघू." तिने डोळे मिटले. शहाणी आहे, हट्ट करत नाही.

मी खोलीत होते म्हणून केलेपी आत आला नाही, व्हरांड्यातूनच काचेला नाक लावून बघत राहिला. त्याला वळण चांगलं आहे.

१७ मार्च, रविवार

दोघींना माझ्या मोठ्या घरात आणलंय. केलेपीचं छोटं घर आवारातच मागे आहे, पण तिथे वारा शिरतो आणि स्वयंपाक करणार कोण? मी केळ्याची नारळाच्या दुधातली पेज करते, मुलीला हळदीचं तेल चोळते, उइनिसेने फक्त पडून राहायचं. राणीला मिळत नसेल असं बाळंतपण.

केलेपी संध्याकाळी पायरीवर येऊन बसतो. दहा वर्षांचा झाल्यापासून त्याने मी असलेल्या खोलीत पाय ठेवलेला नाही. भावाबहिणीचा आब असतो. आम्ही एकत्र टीव्हीसुद्धा बघत नाही, न जाणो पडद्यावर काय लागेल. मुलीला मी दारापर्यंत नेऊन दाखवते. तो तिच्याकडे बघतो आणि मग माझ्या खांद्यावरून आत अंधारात काहीतरी शोधत राहतो. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून उइनिसेला मी दारात येऊ देत नाही.

२ एप्रिल, मंगळवार

आज शाळेतून आले तर मुलगी रडून लालबुंद झालेली, आणि ही बाई भिंतीकडे तोंड करून बसलेली. झोपली असती तर गोष्ट वेगळी. टक्क जागी.

"ऐकू येत नाही का ग?"

"येतं, वन्सं."

"मग?"

"हात उचलत नव्हते."

हात उचलत नव्हते! कापड कुटताना दिवसभर उचलायचे ते हात. मी म्हटलं, "जगात तूच पहिली बाळंत झालीस का?" बाहेर कुटायला बसलेल्या बायका हसल्या. मला वाटलं हीपण हसेल, पूर्वी हसली असती. तिने मुलीला अंगावर पाजायला घेतलं आणि टिपं गाळत बसली. टिपं मुलीच्या डोक्यावर पडत होती. मी पुसली.

जरा जास्तच लाड झालेत तिचे. उद्यापासून पेज तिनेच करावी.

१९ एप्रिल, गुड फ्रायडे

आज चर्चमध्ये मान वर करवेना. सांगते का ते.

सकाळी पाद्रीबाई मालिया माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "लुसेआने, केलेपीने निरोप दिलाय. उइनिसेला आता त्याच्याकडे झोपायला पाठवशील का म्हणतोय."

ओली बाळंतीण! आणि भावाने असला निरोप बहिणीला धाडावा, तोही गुड फ्रायडेला! कानशिलं तापली माझी. मालियाबाई म्हणत होत्या, "अग, तो फार काळजीत दिसला, ती रडते म्हणत होता..." मी पुढचं ऐकलंच नाही. म्हटलं, "त्याला सांगा, थंड पाण्याने आंघोळ कर." मालियाबाईंनी तोंडावर हात धरला. हसू आलं की काय कुणास ठाऊक.

संध्याकाळी तो पायरीवर आला नाही. बरं झालं. उइनिसे मात्र खिडकीशी बसून होती. ताटातलं अळूचं पान तसंच पडलं होतं, उपास संपला तरी.

५ मे, मुलांचा रविवार

सगळी पोरं नव्या पांढऱ्या कपड्यांत चर्चला आली. माझ्या वर्गातल्या वात्रटांनीही वचनं न चुकता म्हटली. लुसेआनेला मी स्वतः शिवलेला झगा घातला, गळ्याशी विणलेली जाळी. सगळ्या बायका म्हणाल्या, आत्याची प्रतिकृती.

उइनिसे आली नाही. तिचा गायनमंडळातला पांढरा पोशाख मी इस्त्री करून ठेवला होता. तिने हातात घेतला, खाली ठेवला, परत घेतला, आणि शेवटी म्हणाली, "तुम्ही जा. मी आले तर सगळे बघतील."

"बघू देत की. पोटुशी नाहीस आता, चांगली दिसतेस."

"मला बघून त्यांना कळेल."

"काय कळेल?"

तिने पोशाख चटईवर ठेवला. परत आले तेव्हा पोशाख होता तिथेच होता. मला खरंच वाईट वाटलं, इस्त्रीला अर्धा तास गेला होता.

७ मे, मंगळवार

लस टोचायला दवाखान्यात गेलो. नर्स फुसी माझीच विद्यार्थिनी. पाढे म्हणताना सातावर अडायची, आता गळ्यात स्टेथोस्कोप घालून प्रश्न विचारते. मुलीचं वजन चांगलं भरलं. मग तिने खुर्ची उइनिसेसमोर ओढली.

"गेल्या आठवड्यात कधी हसू आलं का, उइनिसे?"

मी म्हटलं, "हिचं हसणं सगळ्या गावाला माहीत आहे."

"झोप लागते?"

"मुलगी माझ्यापाशी असते. हिला झोपण्याखेरीज काम काय?"

फुसीने माझ्याकडे बघितलं नाही. अगदी हळू आवाजात म्हणाली, "स्वतःला काही करून घ्यावं, असं कधी मनात येतं का?"

मला धक्काच बसला. "हा काय प्रश्न झाला, फुसी? खाऊनपिऊन सुखी आहे ती माझ्या घरी."

"बाई, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसता का?"

"मी मुलीची आत्या आहे. बाहेर कुठे बसू?"

फुसीची मान खाली गेली, पाढा चुकल्यावर जायची तशीच. उइनिसेने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग जमिनीकडे. नवऱ्याच्या बहिणीसमोर वहिनी घडाघडा बोलत नाही, तेवढं वळण तिलाही आहे. मग निघताना फुसी तिचा हात धरून उगाच दारात उभी राहिली. आम्हाला उशीर होत होता.

३० मे, गुरुवार

लुसेआने मला बघून हसते! आवाज ऐकला की पाय झाडते. शाळेतून येताना मी आता पायवाटेवरूनच खोकते, म्हणजे तिला कळतं. एवढं मला बघून आजवर कुणी खूश झालं नव्हतं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

उइनिसे बघत होती. "तुमचीच आहे ती," म्हणाली. रागाने नाही, अगदी सरळ, हवा बरी आहे म्हणावं तसं.

दुपारी ती मुलीला मांडीवर घेऊन पुटपुटत होती, "सालोमे, सालोमे, मला माफ कर." मी दारात थबकले. मेलेल्या आईशी बोलतेय की मुलीशी, कळेना. हापाईला तिच्या आईची कबर कुणी झाडत नसेल, म्हणून ती म्हातारी हिच्या मागे लागली असेल असं मला वाटलं. मावशीला निरोप पाठवला, कबरीवर पांढरी वाळू घाला, शेवाळ खरवडा. खर्च मी देईन. माझ्या परीने मी सगळं करतेय.

११ जून, मंगळवार

लुसेआने मांडीवर झोपलीये, अक्षर वाईट येईल.

मी मागितलंही नव्हतं. मागणार होते, मुलगी वर्षाची झाल्यावर, रीतसर. पण आज उइनिसेने मान द्यायला गुंडाळतात तशी कमरेला चटई गुंडाळली, केस बांधले आणि माझ्यासमोर खाली, दाराच्या बाजूला बसली. पुढ्यात तिच्या आईची मऊ चटई, लोकरीच्या काठाची, लग्नात आणलेली. मुलीला त्यावर ठेवलं.

"वन्सं, ही तुम्ही घ्या. कायमची. माझ्या हातून तिचं भलं व्हायचं नाही."

"असं का म्हणतेस?"

"तुमच्यापाशी ती हसते. माझ्यापाशी असली की मला भीती वाटते."

केलेपी बाहेर पायरीवर पाठ करून बसला होता. बापाने काही म्हणायचं नसतं, आत्याला दिलं जात असेल तर मुळीच नाही. पण त्याचे खांदे हलत होते. पोर देताना कुणाला वाईट नाही वाटत? आमच्यात किती घरांत मुलं आत्याकडे, आजीकडे वाढली, कुणाचं काही बिघडलं नाही.

मी रडले. मी आयुष्यभर मागून घेतलं. न मागता मिळालेली ही पहिली गोष्ट.

उइनिसे छोट्या घरात परत राहायला गेली. दूध आटलंच होतं, आता डब्याचं देते.

२८ जून, शुक्रवार

उइनिसे बरी होते आहे असं वाटतं. चेहरा शांत. घर आवरायला काढलंय. गायनमंडळाचा पोशाख शेजारच्या पोरीला दिला, कासवाच्या पाठीची फणी मालियाबाईंना. आज माझ्याकडे तिची मोगरी घेऊन आली. "ही तुमच्याकडे राहू दे. लाकूड चांगलं आहे, ठेका छान धरतं." मी म्हटलं, "आणि तू कशाने कुटशील?" ती हसली. मार्चपासून पहिल्यांदा.

केलेपीने मात्र ताळतंत्र सोडलंय. कित्येक दिवस होडी ओढून ठेवलेली. मासा नाही, काही नाही. थंडी पडली, देवमाशांचे दिवस आले, सगळ्यांच्या होड्या ते बघायला आलेल्या पाहुण्यांना घेऊन बाहेर पडल्या, हा आपला आवारात जाळं विणत बसतो, तोंड छोट्या घराच्या दाराकडे. बायको पाणी आणायला गेली तरी मागे हा. मी मालियाबाईंकडून निरोप धाडला, बायकोच्या पदराला गाठ मारून बसलास तर चूल पेटणार कशी, पुरुष आहेस की कोण? 

१६ जुलै, मंगळवार

केलेपी आज घरात आला.

सकाळी मी मुलीला तेल लावत होते, शाळेला जायच्या आधी. दारात सावली पडली. बघते तर हा, छातीपर्यंत ओला, आणि पायरीवर थांबला नाही. आत आला. माझ्या चटईवर त्याचे ओले पाय. मी ओरडले, "बाहेर हो! वेड लागलं का?"

तो खाली बसला, भिंतीकडे तोंड करून. "ताई, आज मी बोलणार. मग मला गावाबाहेर काढ हवं तर."

"चालता हो, केलेपी!"

"उइनिसे पाण्यात गेली होती. गळ्यापर्यंत. मी जाळं धुवायला वळलो तेवढ्यात. बाहेर आणलं, मालियाबाई बसल्यात तिच्याजवळ."

"एवढ्या थंडीत पाण्यात कशाला?" मी विचारलं. देवाशपथ, मला कळलंच नव्हतं.

त्याने कपाळ भिंतीला टेकलं. मग म्हणाला, "परत न येण्यासाठी, ताई."

मुलगी माझ्या मांडीवर पाय झाडत होती. तेलाची वाटी कलंडली ती मी उचललीच नाही.

त्याने सगळं सांगितलं, भिंतीला. माझ्या घरात आणल्यापासून ती खिडकीतून त्याला म्हणत होती की मला आत काहीच वाटत नाही, मुलीचा आवाज लांबून येतो, मी मेले तर हिचं बरं होईल. "मी तुला कसं सांगू? दूध येत नाही, रात्री ती काय बडबडते, अंग कसं कापतं, हे मी बहिणीसमोर बोलू? मालियाबाईंना सांगितलं, ताईला म्हणावं तिला माझ्याकडे झोपू दे, मी रात्री जागत राहीन. आणि तुला वाटलं मला..." त्याला पुढचं बोलवेना. मलाही ऐकवेना. थंड पाण्याने आंघोळ कर, म्हणाले होते मी.

"मी होडी काढत नव्हतो, कारण मी गेलो की ती समुद्राकडे जायची. तू म्हणालीस, पुरुष आहेस की कोण."

तो रडायला लागला. त्याला रडताना मी शेवटचं बघितलं तेव्हा तो माझ्या कडेवर होता. मला त्याच्या पाठीवर हात ठेवता येईना. हात पुढे गेला आणि तिथेच राहिला.

१७ जुलै, बुधवार

उइनिसे दवाखान्यात आहे. फुसीने आज मला बाहेर बसवलं आणि मी बसले.

नंतर ती माझ्याकडे आली. "बाई, हा आजार आहे. बाळंतपणात होतो, नंतरही होतो. आळस नाही, आणि तिच्या आईचं भूतही नाही. औषध आहे. बरी होतात बायका, पण वेळ लागतो आणि एकटीला सोडायचं नाही."

"तू मला मे महिन्यात का नाही सांगितलंस?" मी तिच्यावर खेकसले.

फुसीने आज मान खाली घातली नाही.  "मी तुम्हाला बाहेर जा म्हटलं होतं, बाई. दुसऱ्यांदा म्हणायची हिंमत झाली नाही. ते मला रोज आठवतं."

राजधानीला, नुकुआलोफाला मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचंय, पुढच्या गुरुवारच्या बोटीने. बोट हापाईला थांबते, तिथे मावशी चढेल. केलेपी बरोबर जाईल. फुसी म्हणाली, "डॉक्टरांचं म्हणणं आहे, कुणीतरी सोबत असताना मूल जर आईच्या जवळ..." आणि थांबली. माझ्या कडेवरच्या मुलीकडे बघून तिने फाईल मिटली.

२१ जुलै, रविवार

कुणीच मागत नाही.

पाद्री येऊन प्रार्थना करून गेले, मुलीचं नावही काढलं नाही. मालियाबाई चुलीपाशी बसून याम सोलत राहिल्या, पण त्याबद्दल चकार शब्द नाही. केलेपी पुन्हा पायरीवर. आत्याला दिलेलं परत मागायचं नसतं, हे त्या सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी मागितलं असतं तर मला "नाही" म्हणता आलं असतं. भांडले असते, हक्क सांगितला असता. आता भांडू कुणाशी?

ती आता माझ्या पापण्यांना हात लावते. झोपताना माझं बोट धरते आणि झोपली तरी सोडत नाही. मी पन्नाशीला आले. मला दुसरं काही मिळायचं नाही.

उइनिसेला भेटायला गेले होते. औषधाने ती सुस्त आहे. मी मुलीला आत नेलं नाही, व्हरांड्यात मालियाबाईंकडे ठेवलं. मुलगी रडली तशी उइनिसेने पांघरुणाखाली हात घट्ट दाबून धरले. उचलत नव्हते ते हात. आता ती ते धरून ठेवत होती.

मी देणार नाही. लिहून ठेवते. नाही देणार.

२५ जुलै, गुरुवार

धक्क्यावर वारा होता. उइनिसे केलेपीचा कोट घालून कठड्याला टेकून उभी, त्यात हरवून जाईल एवढीशी दिसत होती. मी मुलीला तिच्या आजीच्या मऊ चटईत गुंडाळून आणलं होतं. लोकांना वाटलं निरोप द्यायला आणलंय. मलाही घरून निघताना तसंच वाटत होतं.

मी समोर जाऊन म्हटलं, "उइनिसे, मला काहीतरी हवंय."

 केलेपी तोंड फिरवून समुद्राकडे बघायला लागला.

"मागा वन्सं," ती म्हणाली. "पण माझ्याकडे राहिलंय काय?"

"आहे. आणि तुला नाही म्हणता येणार नाही."

"ते कधी येत होतं?"

मार्चपूर्वीची उइनिसे असती तर हे बोलून हसली असती. मीच हसल्यासारखं केलं आणि ते जमलं नाही.

"हिला तू वाढव. मी मागतेय. आणि त्यासाठी जिवंत राहा. तेही मागतेय."

ती मान हलवत राहिली. "मला जमणार नाही. तुमच्या पाया पडते. तिला काही वाटतसुद्धा नाही माझ्याबद्दल, मलाही... वन्सं, मला काही वाटत नाही हो."

"जमेल का ते मी विचारलं नाही. काय वाटतं तेही नाही विचारलं. आज घ्यायला नको. मावशी घेईल, केलेपी घेईल. तू नुसती शेजारी बस. बसता येईल ना?"

ती चटईतून बाहेर आलेल्या मुलीच्या पायाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बसेन."

आणि तिने कोटाच्या बाह्या वर केल्या आणि हात पुढे केले. गरम भांडं घ्यावं तसं तिने मुलीला घेतलं, अंगापासून लांब. केलेपीने खालून हात लावला. मुलीने मागे वळून मला शोधलं आणि हंबरडा फोडला. मी खोकले, तिला कळावं म्हणून की मी आहे. मग लक्षात आलं, खोकायला नको होतं. त्याने ती आणखीच रडली.

बोट सुटली. इंजिनाच्या वर तिचा आवाज ऐकू येत होता. लोक पांगले. मालियाबाईंनी फणी काढून माझ्या हातात दिली, "ही तिला परत द्यायची राहिली ग," आणि त्याही रडायला लागल्या.

घरी ताटाळ्यात दुधाची बाटली उपडी आहे. ती उचलून कुठे ठेवावी कळत नाही. आज मी जेवले नाही. मला माझं मूल हवं आहे. ते माझं नव्हतं हे कळतं, तरी हवं आहे.

३० ऑगस्ट, शुक्रवार

केलेपीचा फोन आला, शाळेच्या कचेरीत. आम्ही दोघं पुन्हा पूर्वीसारखेच. तो म्हणाला, "ताई, तिकडे वारा कसा आहे?" मी म्हटलं, "दक्षिणेचा. होडीवर झावळ्या टाकल्यात मी." मग मला विचारता येईना आणि त्याला सांगता येईना.

शेवटी मी म्हटलं, "जेवता का सगळे?"

"जेवतो. कधी कधी सगळे जेवतो. काल नाही." मग म्हणाला, "औषध बदललंय. मावशी रात्री जागते. सोमवारी ती आपण होऊन बाहेर अंगणात बसली."

"मुलीला घेऊन?"

"मुलीच्या शेजारी."

मागे मुलगी रडायला लागली. तो आवाज मी कुठेही ओळखेन. माझा घसा आपोआप खाकरला गेला, मी तोंडावर हात दाबला. फोनमध्ये चटईवरून कुणीतरी उठल्याची सळसळ झाली आणि उइनिसेचा आवाज आला, दमलेला, जाडसर, गाण्याचा तर मागमूस नाही.

"उगी, सालोमे. उगी. आहे मी."

केलेपी एकदम गडबडला. "ताई, ती आपली उगाच... नाव लुसेआनेच आहे, आम्ही सगळे..."

"गप्प बस," मी म्हटलं. "ऐकू दे."

मी फोन कानाला धरून उभी राहिले. शाळेची घंटा झाली, पोरं बाहेर पळाली, कुणीतरी मला हाक मारली. तिकडे मुलगी गप्प झाली होती.